फल, फलन की फंक्शन? गणितातल्या काही शब्दांबद्दल

खडूफळा

दहावीची परीक्षा झाली की आमच्या शाळेत तीन आठवडे मुलांकडून अकरावी सायन्सची थोडी तयारी करून घेतो. शाळा मराठी माध्यमाची आणि सायन्सला गेल्यावर सगळं इंग्रजीतून. संच नववीत झालेले असतात, दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि त्यांचे आलेख दहावीत. म्हणजे रिलेशन आणि फंक्शनच्या उंबरठ्यापर्यंत मुलं आलेलीच असतात, फक्त शब्द हाती नसतात. मागची दोन वर्षं मी इंग्रजी शब्दच वापरले. मुलांनी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या, पण 'आता तुझ्या शब्दांत सांग' म्हटलं की वर्ग गप्प. यंदा आधी मराठीतून समजावायचं आणि कल्पना पक्की झाल्यावर इंग्रजी शब्द द्यायचा, असं ठरवलंय.

अडलंय ते असं. फंक्शनला 'फल' म्हणावं की 'फलन'? दोन्ही वाचनात येतात. डोमेनला, म्हणजे जिथून संख्या घ्यायच्या त्या संचाला, 'प्रांत' चालेल, पण रेंजला, म्हणजे मिळणाऱ्या उत्तरांच्या संचाला, काय? एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकात 'परिसर' आहे. आमच्या मुलांना परिसर म्हटलं की तिसरी-चौथीचा 'परिसर अभ्यास' आठवतो. आणि रिलेशनला 'संबंध' म्हटलं की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, ती थांबवण्यात पाच मिनिटं जातात.

पाटीपेन्सिल

संबंध सोडा, सरळ 'नातं' म्हणा. मी तेच करते. संबंध हा शब्द फळ्यावर दुसऱ्या दिवशी येऊ दे, तोवर खुसखुस आपोआप विरते.

नात्यांमध्ये हा सगळा धडा आयता पडलेला आहे. मुलांना विचारा, 'माझी आई कोण' याला किती उत्तरं? जन्म देणारी एकच. प्रत्येकाला आई असते आणि एकच असते, म्हणून 'आई' हे नातं फंक्शन आहे. 'मामा' नाही. कुणाला मामाच नसतो, कुणाला चार असतात. 'प्रत्येकाला, आणि नेमकं एक' या दोन अटी व्याख्येत शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि मुलं दुसरीच लक्षात ठेवतात. मामा न लाभलेला मुलगा वर्गात असतोच. तो हात वर करतो तेव्हा पहिली अट सगळ्यांच्या लक्षात बसते.

मग 'आजी' घ्या. मराठीत आजी म्हटलं की दोघी येतात, म्हणून ते फंक्शन नाही. हिंदीत 'नानी' आणि 'दादी' वेगळ्या आहेत, त्यामुळे ती दोन वेगवेगळी फंक्शन्स. नानी म्हणजे आईची आई, दादी म्हणजे वडिलांची आई. एका फंक्शनच्या उत्तरावर दुसरं लावायचं, हे मुलांना 'आईची आई' म्हणताच कळतं. नंतर चिन्हांत लिहिताना क्रम का सांभाळायचा, तेही इथेच स्पष्ट होतं. 'वडिलांची आई' आणि 'आईचे वडील' यांत माणूसच बदलतो.

सममितीसाठी व्याही आणि जावा. मी तुमचा व्याही तर तुम्ही माझे व्याही. मामा-भाचा तसं नाही. 'भाऊ' तर मुलांना हमखास फसवतो: राम सीमाचा भाऊ, म्हणून सीमा रामचा भाऊ होत नाही.

कृष्णाकाठ

पाटीपेन्सिलताई, यात 'साडू' घाला. माझ्या वर्गात त्यावर एक अख्खा तास गेला होता आणि तो सत्कारणी लागला. साडू सममित आहे, हे लगेच पटतं. संक्रामक आहे का? क चा साडू ख, ख चा साडू ग, तर क चा साडू ग. सगळे 'हो' म्हणाले. मग मी विचारलं, ग च्या जागी पुन्हा क आला तर? क चा साडू ख, ख चा साडू क, तर क स्वतःचाच साडू? तिथे नियम मोडला. क, ख, ग ही तीन वेगळी अक्षरं म्हणजे तीन वेगळी माणसंच असली पाहिजेत असं मुलं मनात धरून चालतात, आणि ती समजूत पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणाने इतकी चटकन सुटली नव्हती.

जुनी पोथी

मूळ प्रश्न 'फल'चा आहे, त्यावर थोडं विस्ताराने लिहितो.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजी फंक्शनला प्रतिशब्द शोधताना घडलेला नाही. गणितात तो फार आधीपासून आहे. आर्यभटाच्या त्रैराशिकात चार नावं आहेत: प्रमाण, फल, इच्छा, इच्छाफल. इतक्याला इतकं, तर तितक्याला किती? पहिलं 'इतकं' प्रमाण, त्याचं फल दिलेलं. तुम्हाला हवी ती संख्या म्हणजे इच्छा, आणि तिचं जे निघेल ते इच्छाफल. इच्छा कुठलीही घ्या, नियम तोच आणि फल ठरलेलं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत हाच नियम सांगताना एक बारकावा नोंदवला, तो मला शिकवताना फार मोलाचा वाटतो. प्रमाण आणि इच्छा 'समानजाती' असतात, आणि फल 'अन्यजाति'. त्यांचंच उदाहरण पाहा. ३/७ निष्काला (निष्क हे नाणं) अडीच पल (पल हे वजन) केशर, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. निष्क एका जातीचे, पल दुसऱ्या जातीचे. आज आपण जिथून संख्या घ्यायची तो संच आणि जिथे उत्तर पडायचं तो संच असे दोन संच आधीच सांगून ठेवतो. त्याची जाणीव या दोन शब्दांत आहे. त्यांनी संचांचा सिद्धांत मांडला होता असं मला म्हणायचं नाही. पण 'कशाचं फल आणि कोणत्या जातीचं' हा प्रश्न आधी विचारायची सवय तिथे दिसते, आणि मुलांना नेमकी तीच लावायची आहे.

दुसरा धागा ज्योतिर्गणिताचा. ग्रहाचं मध्यम स्थान, म्हणजे सरासरी गतीने येणारं स्थान, काढलं की त्यात 'मंदफल' आणि 'शीघ्रफल' हे संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, करायचे. ग्रहाचं केंद्र, म्हणजे तो विशिष्ट कोन, इतके अंश असेल तर फल इतकं. हे प्रमाणात वाढत नाही. वाढतं, एका जागी सर्वाधिक होतं, पुन्हा घटतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, ग्रहलाघव रचलं, त्यात 'ज्या' (आजचं साइन) टाळून अशा कोष्टकांवर काम भागवलं आहे. त्यामुळे 'फल' म्हणजे फक्त गुणोत्तराने येणारं उत्तर, असंही राहिलेलं नाही. कोनावर अवलंबून असलेली, वाकडीतिकडी बदलणारी संख्याही फलच.

लोलक

पोथीकाकांच्या माहितीला जोडून युरोपातली बाजू. लॅटिन 'फुंक्तिओ' म्हणजे पार पाडणं, कार्य करणं. लाइब्नित्सने १६७३ च्या हस्तलिखितात तो शब्द वक्राशी निगडित रेषांसाठी वापरला. योहान बर्नुलीने १७१८ मध्ये चल आणि अचल यांपासून बनलेली राशी अशी व्याख्या केली. ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात तिला सूत्राचं रूप दिलं, आणि १८३७ मध्ये डिरिक्लेने सूत्राची अट काढून टाकली: प्रत्येक क्ष ला एक ठरलेला य असला की पुरे. मुलं आजही १७४८ मध्येच असतात. सूत्र दिसलं नाही तर 'हे फंक्शन नाही' म्हणतात. कोष्टक दाखवा, बाणांची आकृती दाखवा, सूत्र शेवटी.

आता माझं मत. 'फल' आणि 'फलन' यांतला एक निवडू नका, दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या कामांना. फलन हे क्रियावाचक नाम आहे, गमन, पचन, वहन यांसारखं. फळण्याची क्रिया ते फलन आणि क्रियेतून निघालेलं ते फल. म्हणजे फ हे फलन आणि फ(क्ष) हे क्ष चं फल. फ आणि फ(क्ष) यांतला फरक इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही बारावीपर्यंत नीट उमगत नाही, कारण तिथे दोन्हींना बोलताना फंक्शनच म्हणतात. आपल्या भाषेत तो फरक दोन शब्दांत आयता मिळतोय.

कृष्णाकाठ

सहमत नाही. 'य हे क्ष चं फल आहे' हे वाक्य मराठीत रुळलेलं आहे, आणि त्यात फल म्हणजे फंक्शनच. तुमच्या वाटणीने गेलं तर ते चूक ठरेल.

लोलक

चूक ठरत नाही. 'य हे क्ष चं फल' या वाक्यात य ही राशी आहे, क्ष वर अवलंबून असलेली. ती फलच. जिच्यामुळे ती अवलंबून आहे ती रीत म्हणजे फलन. तुमचं वाक्य राहू द्या, फक्त रीतीबद्दल बोलायचं तेव्हा 'फल' नको.

पाटीपेन्सिल

हे मुलांना गिरणीने सांगता येईल. दळण टाकलं, पीठ आलं. गिरणी म्हणजे पीठ नव्हे. गिरणी हे फलन, पीठ हे फल. गव्हाच्या दळणाचं पीठ कधी गव्हाचं आणि कधी बाजरीचं असं होत नाही, ही 'नेमकं एक'ची अट. आणि गिरणीवर काय दळून मिळतं याची यादी, तो प्रांत. आमच्या गावच्या गिरणीत मिरची टाकू देत नाहीत, तिला वेगळी चक्की आहे. मुलांना हे घरच्या अनुभवातून माहीत असतं, म्हणून 'शून्याने भागता येत नाही, तेव्हा ० प्रांतात नाही' हे ती तक्रार न करता स्वीकारतात.

खडूफळा

गिरणी घेतली! 'प्रांत' म्हटल्यावर एकाने प्रांत ऑफिस का असं विचारलं होतं. त्याचे वडील दाखल्यासाठी तिथे खेटे घालत होते. म्हणून शब्दाच्या आधी असं चित्र हवंच होतं.

पण रेंज? 'विस्तार' म्हणावं तर सांख्यिकीत विस्तार म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येतला फरक. तिथे एक संख्या, इथे संच.

कृष्णाकाठ

'पल्ला' सुचला होता, तोफेचा पल्ला म्हणतात तसा. पण पल्ल्यात टोक कळतं, मधल्या रिकाम्या जागा कळत नाहीत. पूर्णांकांचे वर्ग घ्या: ०, १, ४, ९. मधले २, ३, ५ नाहीतच. म्हणून मीच तो शब्द मागे घेतो.

त्याऐवजी एसटीचं भाडं घ्या. एसटीचं साधं भाडं टप्प्याने ठरतं आणि टप्पा ६ किलोमीटरचा. अंतर दिलं की भाडं ठरलं, म्हणून फलन. पण २ किलोमीटरला आणि ५ किलोमीटरला एकच भाडं, म्हणजे अनेकास एक. भाड्यावरून अंतर विचारलं तर नेमकं सांगता येत नाही, म्हणून उलट दिशेने फलन नाही. आलेख काढला तर पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांच्या उंच्या, तेवढ्याच, म्हणजे तुमची रेंज. दोन पायऱ्यांच्या मधलं भाडं कधीच आकारलं जात नाही.

लोलक

वर ठरवल्याप्रमाणे प्रत्येक उत्तराला फल म्हणणार असू, तर मिळालेल्या सगळ्या फलांचा संच तो 'फलसंच'. शब्द उघड आहे, वेगळा पाठ करावा लागत नाही. आणि कोडोमेनला 'सहप्रांत' म्हणायला मी कचरतो. सहशिक्षक, सहसचिव यांमुळे मुलांना तो प्रांताचा मदतनीस वाटतो. 'फलं ज्यात पडायची तो संच' असं लांबलचक बोललं तरी चालेल. फलसंच त्या संचाइतकाच भरला तर फलन आच्छादक. काहीही उघडं राहिलं नाही, हे आच्छादन या शब्दातच आहे.

जुनी पोथी

फलसंच आवडला.

एक धोका सांगून ठेवतो: 'व्यस्त'. आठवीत मुलं व्यस्त चलन शिकतात, एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत कमी. गुणाकार व्यस्त म्हणजे १ भागिले ती संख्या. आणि आता तुम्ही फलावरून मूळ संख्येकडे मागे नेणाऱ्या फलनाला व्यस्त फलन म्हणणार, ज्याचा या दोन्हींशी संबंध नाही. फ च्या डोक्यावर उणे एक दिसला की निम्मा वर्ग १ भागिले फ लिहितो, यात मुलांचा दोष नाही. शब्द आणि चिन्ह दोन्ही त्यांना तिकडेच ढकलतात.

लीलावतीत याला स्वच्छ शब्द आहे: विलोमविधी. शेवटची राशी दिलेली असते आणि सुरुवातीची काढायची असते. तिथला नियम सांगतो, भागाकार होता तिथे गुणाकार करा, गुणाकार होता तिथे भागाकार, वर्गाच्या जागी मूळ, मुळाच्या जागी वर्ग, ऋणाच्या जागी धन, धनाच्या जागी ऋण, आणि शेवटाकडून मागे या. समजा फलन असं आहे: ३ ने गुणा, मग ५ मिळवा. उलट येताना आधी ५ वजा, मग ३ ने भाग. क्रमही उलटा. बूट-मोज्यांचंही तसंच, घालताना मोजे आधी, काढताना बूट आधी. याला 'विलोम फलन' म्हटलं तर गोंधळ पहिल्याच दिवशी टळेल.

एकच काळजी घ्या. वर्गाच्या जागी मूळ घ्यायचं तर ९ कडून मागे जाताना ३ ला जायचं की −३ ला? दोन वाटा म्हणजे फलन नाही. म्हणून प्रांत ऋण नसलेल्या संख्यांपुरता आखावा लागतो. मूळचिन्हाखाली ९ लिहिलं की उत्तर फक्त ३, हे मुलं नववीत पाठ करतात. त्याचं कारण इथे सापडतं.

खडूफळा

काल पहिला तास घेतला. नाती, मग गिरणी. 'आजी' फलन नाही म्हटल्यावर एक मुलगी उठली. तिच्या घरी एकीला आजी आणि दुसरीला आई म्हणतात, कारण बाबा तिला आई म्हणतात म्हणून तीही म्हणते. "सर, मग माझ्या घरात 'आजी' फलन आहे का?" मी म्हटलं, शब्द एकीलाच चिकटलेला असेल तर आहे, पण 'आई' मग तुझ्यासाठी फलन उरलं का? ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही. मला दोन."

उद्या एसटी.