मंडपाला तीन तास, खाटेवरच्या माणसाला दहा मिनिटं नाहीत – चर्चमध्ये मूळ काय उरलंय?

वसईची माहेरवाशीण:
या महिन्यात आमच्या चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या, तयारीची मीटिंग होती, शुक्रवारी चार ते सात. मंडप, लायटिंग, बॅण्ड कुठला सांगायचा, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो, यावरच तीन तास गेले. घरी येताना कोळीवाड्यातल्या एका मावशीकडे डोकावले. ऐंशीच्या पुढे वय, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच आहे. टेबलावर इस्त्री केलेलं पांढरं कापड, त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या, पेल्यात पाणी झाकून ठेवलेलं. म्हटलं आज काय गं, तर म्हणाली अगो महिन्याचा पहिला शुक्रवार ना, फादर कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन येतील म्हणून सकाळीच सुनेकडून मांडून घेतलं. असं मांडायचा तो चौथा महिना होता, चारही वेळा कोणी आलं नाही. मेणबत्त्यांच्या वाती अजून पांढऱ्याच होत्या.

फादरांवर राग नाही माझा, एवढा मोठा धर्मग्राम (चर्चचा सगळा परिसर) आणि फादर दोनच. पण आजाऱ्यांना कम्युनियन न्यायची परवानगी रोमने १९७३ पासून साध्या प्रापंचिकांनाही दिलेली आहे. आमच्याकडे तसे लोक नेमलेले पण आहेत, ते रविवारी वेदीजवळ दिसतात, कोळीवाड्यात दिसत नाहीत. बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढा, पहिल्या ख्रिस्ती लोकांचं अख्खं चर्च एका वचनात आहे: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. यात मंडप कुठे आहे सांगा मला.

जुना क्वायरवाला:
ताई, मावशीचं वाचून जीव तुटला, त्यावर वाद नाहीच. पण त्याचं खापर फेस्तावर का फोडताय? १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, गोरे पाद्री गेले, त्यानंतर आपल्या पूर्वजांची श्रद्धा कोणी टिकवली? पुस्तकं नव्हती घरात, वाचता तरी कितीजणांना येत होतं. नाक्यावरचा खुरीस म्हणजे क्रूस, मे महिन्यात त्याच्यापुढे रोजरीची (जपमाळेची) प्रार्थना, नाताळ आणि फेस्त, यावर पिढ्या जगल्या. माझा मुलगा गल्फमध्ये आहे, वर्षातून एकदा रजा काढतो ती फेस्तालाच, आणि त्या दिवशी तो कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) करून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, बसतो. फेस्त काढून घेतलंत तर ते एक कुमसार पण जाईल. झाडाची साल सोलून गाभा वाचवता येत नाही हो.

रत्नागिरीहून:
मी प्रोटेस्टंट, म्हणजे तुमच्या घरच्या भांडणात बाहेरचा, तरी बोलतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ ला, म्हणजे जायच्या दोन वर्षं आधी, मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' नावाचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे, अट एकच की ख्रिस्ताच्या मागे चालायचं. मला मूळ म्हणजे एवढंच वाटतं. बाकी कमिट्या, वर्गणी, पदं हे सगळं वरचं ओझं आहे आणि ते आमच्या चर्चमध्येही तेवढंच आहे, आमच्याकडे फेस्त नाही म्हणून आम्ही शुद्ध आहोत असं अजिबात नाही, आमच्यात तर जमिनीच्या आणि खुर्चीच्या भांडणात नात्यातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालीत.

जुना क्वायरवाला:
दादा, टिळकांचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्यांनी रूप टाकलं नाही, बदललं. इंग्रजी चालीवरची भाषांतरं गाणाऱ्या लोकांना त्यांनी अभंग दिले, ख्रिस्तावर कीर्तनं केली. टाळ-मृदंग पण वरचंच ओझं म्हणायचं का मग?

नाइट ड्युटी:
माझी चुलतबहीण दोन वर्षांपूर्वी आपलं चर्च सोडून एका प्रार्थना हॉलला जायला लागली. घरात सगळे म्हणाले हिला कोणीतरी फसवलं. मी विचारलं तर म्हणाली, ह्यांची नोकरी गेली त्या आठवड्यात आपल्या चर्चमधून फोन आला तो फेस्ताच्या वर्गणीचा आणि हॉलवाली बाई आली ती तांदूळ आणि मासळी घेऊन, मग गुडघे टेकून आमच्यासाठी प्रार्थना करून गेली. यावर मी काय उत्तर देऊ सांगा.

धर्मशिक्षणाची टीचर:
उत्तर आहे पण कोणाला आवडणार नाही. भेटी देणं, तांदूळ पोचवणं हे करायलाच हवं, पण तेवढंच मूळ असेल तर ते काम एखादी चांगली संस्था पण करते. येशू कोण आहे हे मूळ आहे. नायसियाची परिषद, म्हणजे बिशपांची सभा, ३२५ साली भरली ती ह्याच प्रश्नावर, की पुत्र हा पित्याइतकाच खरा देव आहे की देवाने घडवलेला कोणी. त्याला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. माझ्या कन्फर्मेशनच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, श्रद्धांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना) सगळ्यांना तोंडपाठ, अर्थ विचारला की खाली बघतात आणि त्यांचे आईवडील पण खालीच बघतात. शिकवण गेली की उरलेलं सगळं वाऱ्यावर.

वसईची माहेरवाशीण:
टीचर, शिकवण पाहिजेच, पण तुम्ही दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात त्या वेगळ्या नाहीत असं मला वाटतं. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. येशूने भाकर घेतली आणि हे माझं शरीर आहे म्हणाला, हे शब्द आपल्याकडे सर्वात आधी लिहिलेले सापडतात ते ह्याच पत्रात, अंदाजे इ.स. ५४-५५, म्हणजे चारही सुवार्तांच्या आधी. आणि पौलाने ते लिहिले कशावरून? तर करिंथमध्ये प्रभुभोजनाला जमायचे तेव्हा ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन पिऊन बसायचे आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहायचे. हे प्रभूचं भोजनच नव्हे असं तोंडावर सुनावलं त्याने. म्हणजे आपली सगळ्यात मोठी शिकवण, जी दर मिस्सात फादर उच्चारतात, ती कागदावर आली उपाशी राहिलेल्या माणसावरून. मावशीच्या टेबलावरचं कापड मला त्याच अध्यायातलं वाटतं.

आणि काका, फेस्त बंद करा असं मी कुठे म्हटलं? त्या तीन तासांत आजाऱ्यांच्या यादीचं नाव एकानेही काढलं नाही, मी पण नाही काढलं, हे मला तेव्हापासून खातंय.

जुना क्वायरवाला:
बाय, मंडपाचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पोरं त्याच मंडपात एकमेकांना भेटतात. पण यादीचं बरोबर आहे. आमच्या आळीत खाटेवर असलेले तिघे मला माहीत आहेत, त्यातला एक माझा क्वायरमधला दोस्त, वर्षभर मी पण गेलो नाही त्याच्याकडे.

वसईची माहेरवाशीण:
मग तिघांची नावं मला द्या काका. कोळीवाड्यातली पाच मी लिहून काढलीत. रविवारी साडेसातच्या मिस्सानंतर फादरांकडे जाते, तुम्ही क्वायरवरून खाली उतरलात की साक्रिस्तीच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीच्या) दाराशी थांबा. पुढचा पहिला शुक्रवार बारा दिवसांवर आहे आणि मावशी सकाळीच कापड मांडेल.