जखमी, घाबरलेला अ‍ॅक्शन हिरो जास्त जवळचा का वाटतो?

कातरवेळ

माझा आणि धाकट्या भावाचा एक वाद बरेच दिवस मिटत नाहीये, म्हणून इथे धागा काढते.

त्याचं म्हणणं साधं आहे. हिरो म्हणजे ज्याला कुणी हरवू शकत नाही तो. त्याचा लाडका सिनेमा 'कमांडो' (१९८५). अर्नॉल्ड श्वार्झनेगर एकटा बेटावर उतरतो आणि सगळी फौज साफ करतो. भाऊ म्हणतो, "घाबरणारी माणसं रोज बघतो, मी स्वतः घाबरतो. पडद्यावर पुन्हा तेच कशाला?"

मला मात्र 'डाय हार्ड' (१९८८) पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो, आणि तोही गोळीबारासाठी नाही. बाथरूममधला तो सीन आहे ना, जिथे हिरो मॅक्लेन तळपायातल्या काचा उपसतोय आणि वॉकीटॉकीवर इमारतीबाहेरच्या पॉवेल नावाच्या पोलिसाशी बोलतोय. पॉवेलला त्याने अजून पाहिलेलंही नाही. आपण यातून जगू की नाही याची खात्री नाही, म्हणून बायकोसाठी एक निरोप सांगून ठेवतो, की चूक माझी होती. त्याचा आवाज जातो. तिथून पुढे तो मेला तर काय, ही धाकधूक मला खरोखर वाटायला लागते, आणि शेवट पाठ असूनही दर वेळी वाटते.

तसंच 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधलं जहाज. इंडियाना जोन्स इतका ठेचकाळलाय की मेरियनने कुठेही हात लावला तरी कळवळतो. शेवटी ती वैतागून विचारते, मग दुखत नाही तरी कुठे? तो कोपर दाखवतो, कपाळ दाखवतो, आणि झोपी जातो.

हे असं का आवडतं? भावाला पटेल असं उत्तर मला देता येत नाही. नुसतं रक्त दिसलं की जीव जडतो म्हणावं, तर तेही खरं नाही. हिरो डोक्यापासून पायापर्यंत रक्ताने माखलेले कितीतरी सिनेमे मी कोरड्या डोळ्यांनी बघितलेत.

---

कापाकापी

मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर टेबलावरून दिसतं तसंच असणार.

तुम्ही काचांचा सीन सांगितलात, पण ती जखम सिनेमाच्या पहिल्या काही मिनिटांतच पेरलेली आहे. विमानातला शेजारी मॅक्लेनला सल्ला देतो, की पोचल्यावर बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं मुठीसारखी आवळ, प्रवासाचा ताण जातो. तो तसं करतो. तेवढ्यात इमारतीवर दरोडेखोरांचा हल्ला होतो आणि पळताना बूट राहून जातात. मग एका मेलेल्या दरोडेखोराचे बूट चढवून बघतो, तर ते लहान पडतात. म्हणजे सिनेमा आपल्याला दोनदा सांगतो, की हा माणूस अनवाणी आहे. नंतर हान्स ग्रूबरच्या ते लक्षात येतं आणि तो काचा फोडायला लावतो. खलनायकाने हिरोची कच्ची जागा हेरली आणि नेमका तिथेच घाव घातला. त्यानंतर मॅक्लेनची चालच बदलते. पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो लंगडतो, पायाला चिंध्या बांधून फिरतो.

तुमच्या कोरड्या डोळ्यांचं कारण मला इथे दिसतं. बहुतेक सिनेमे जखम दाखवतात आणि पुढच्या सीनला विसरतात. खांद्याला गोळी लागलेला माणूस पाच मिनिटांनी त्याच हाताने गच्चीला लोंबकळतो. प्रेक्षक तोंडाने काही बोलत नाही, पण मनातल्या मनात हिशेब ठेवतो. एकदा का त्याला कळलं, की इथे लागलेलं लागत नाही, की पुढचं सगळं रक्त त्याच्या लेखी रंगच.

मारामारी कापायला बसलं की कात्री सगळ्यात आधी वेदनेवर चालते, हेही सांगतो. हिरो पडला. उठायला त्याला तीन-चार सेकंद लागतात. हात टेकतो, घसरतो, परत टेकतो. मागे बसलेला कुणीतरी म्हणतो, "ढिलं पडतंय, काढ." काढलं की मारामारी वेगवान होते खरी, पण पडलेला माणूस लगेच उभा दिसायला लागतो. मी त्या तीन सेकंदांसाठी भांडतो. ठोसा कितीही जोरात असो, त्याचं वजन नंतरच्या शॉटमध्ये ठरतं.

'कसीनो रोयाल' (२००६) बघा. जिन्यातली झटापट संपल्यावर बाँड खोलीत येतो, आरशासमोर उभा राहतो, रक्त धुतो, दारूचा घोट घेतो आणि स्वतःकडे बघतो. संवाद नाही. मग त्याच्यासोबत आलेली व्हेस्पर शॉवरखाली कपड्यांसकट बसलेली सापडते आणि तो जाऊन तिच्याशेजारी तसाच ओला होत बसतो. मारामारीच्या सिनेमात एवढा वेळ 'काहीही न घडण्याला' द्यायचा म्हणजे धाडस आहे. त्याच सिनेमातला सुरुवातीचा पाठलागही आठवा. पुढे पळणारा माणूस भिंतीवरच्या अरुंद फटीतून माशासारखा निसटतो, आणि मागून येणारा बाँड सरळ भिंत फोडून बाहेर पडतो. चपळाईत तो कमी आहे हे दिग्दर्शक दडवत नाही, त्यामुळे तो पकडेल की नाही याबद्दल शंका टिकते. शंका नसेल तर पाठलाग म्हणजे नुसती दोन माणसं पळतायत.

---

गार्ड_वर_ठेव

बॉक्सिंग शिकवतो. कापाकापी, 'नंतरचा शॉट' हे अगदी बरोबर, त्यात माझी भर.

मुठीतली हाडं बारीक असतात आणि कपाळाचं हाड जाड. पट्टी आणि ग्लोव्ह नसताना कुणाच्या डोक्यावर जीव खाऊन ठोसा मारला, तर मारणाऱ्याचाच हात मोडायची भीती जास्त. म्हणून जॅकी चॅन ठोसा मारून हात झटकतो, कळवळतो, तेव्हा लोक हसतात, पण मला तो ठोसा खरा वाटतो. मारणाऱ्यालाही लागलं म्हणजे समोरच्याला नक्की लागलं असणार. 'पोलीस स्टोरी' (१९८५) मध्ये तो मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून घसरत खाली येतो. त्यात त्याचे हात खरोखर भाजले होते. सिनेमाच्या शेवटी फसलेले टेक दाखवायची त्याची पद्धत आहे, त्यात तो पडताना, उचलून नेला जाताना दिसतो. ते बघून त्याचा दरारा कमी झाला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट थकव्याची. रिंगमध्ये कधी न उतरलेल्या माणसाला वाटतं, मार लागून हरतात. नवी मुलं बहुतेक वेळा दमून हरतात. हात खाली येतात, तोंडाला कोरड पडते, आणि लढत संपली तरी बोटं थरथरत राहतात. म्हणून दहा जणांना लोळवून जो हिरो स्थिर हाताने सिगारेट पेटवतो, तो मला माणूसच वाटत नाही. 'ओल्डबॉय' (२००३) मधली बोळातली मारामारी एकाच टेकमध्ये घेतली आहे. हातात हातोडा, पाठीत सुरी रुतलेली, आणि मध्ये एक वेळ अशी येते की दोन्ही बाजू नुसत्या धापा टाकत उभ्या आहेत. 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड' (२०१७) मधल्या जिन्यातल्या झुंजीचंही तेच. शेवटाकडे शार्लीझ थेरॉनला आणि समोरच्याला नीट उभंसुद्धा राहता येत नाही. ठोसा हुकतो, पण मारला म्हणून तोल जातो. ते बघताना माझे स्वतःचे खांदे दुखतात.

---

पानगळ

वरचं सगळं मान्य, तरी जॉन विकचं काय? 'जॉन विक' (२०१४) बघताना तो मरणार नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तो जवळजवळ अजिंक्य आहे. तरी मी त्याच्या बाजूने जीव मुठीत धरून बसते.

मला वाटतं, जखम हा एक मार्ग झाला, एकमेव नाही. जॉनला जे लागायचं ते पहिल्याच गोळीआधी लागलेलं आहे. बायको गेली. जाताना तिने एक कुत्र्याचं पिल्लू पाठवायची व्यवस्था केली, की याला प्रेम करायला कुणीतरी राहावं. ते पिल्लूही मारलं जातं. यापुढे त्याला गोळ्या लागोत न लागोत, माणूस उघडा पडलेला आहे. पिल्लाबरोबरचा वेळ सिनेमाने घाई न करता दिला, म्हणून हे जमलं. याची नक्कल करणाऱ्यांनी काय उचललं? मेलेली बायको. फोटोची एक चौकट, दोन सेकंदांचा फ्लॅशबॅक, आणि चला बंदुका काढा. त्याला मी हळवेपणा म्हणणार नाही, तो कागदावर भरलेला रकाना आहे.

कातरवेळ, तुमचा मॅक्लेन घ्या. चौथ्या भागात (२००७) तो लढाऊ विमानाच्या पाठीवर उडी घेतो आणि तिथून सुटतो. माणूस तोच, नट तोच, चेहऱ्यावर रक्तही भरपूर. पण ज्याच्या पायात काच गेली तर जीव खालीवर व्हायचा, तो हा नव्हेच. सुपरमॅनचा क्रिप्टोनाइटही मला म्हणूनच अपुरा वाटतो. १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत तो आला. हिरव्या दगडाने शक्ती जाते, दगड बाजूला केला की परत येते. त्यात सुपरमॅनला स्वतःला काही निवडावं लागत नाही. याउलट कर्ण. कवचकुंडलं अंगावर आहेत तोवर त्याला कुणी मारू शकत नाही, आणि तो ती स्वतःच्या हाताने कापून देतो, मागणारा कोण आहे हे ठाऊक असताना. आपण त्याच्यासाठी हळहळतो ते तिथून.

---

तिरपी_सावली

एक गोष्ट कुणी बोललं नाही. हिरोला कुणाची तरी गरज पडते तेव्हा.

'मॅड मॅक्स: फ्यूरी रोड' (२०१५) मधली रात्र. चिखलात गाडी अडकलेली, मागून शत्रूची गाडी येतेय, बंदुकीत गोळ्या मोजक्या. मॅक्स नेम धरतो आणि चुकतो. परत धरतो, परत चुकतो. शेवटची एक गोळी उरते. तो मागे उभ्या असलेल्या फ्यूरिओसाकडे, म्हणजे ती गाडी चालवणाऱ्या बाईकडे, बघतो आणि काही न बोलता बंदूक तिला देतो. ती त्याच्याच खांद्यावर नळी टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि गोळी घालते. सिनेमाचं नाव ज्याच्यावरून आहे तो माणूस त्या क्षणी बंदुकीचा टेकू झालेला असतो! मला तो त्याआधी आवडत होता, त्यानंतर मी त्याच्यावर विश्वास टाकला.

'एलियन्स' (१९८६) ची नायिका रिप्लीही अशीच. तिला भयाण स्वप्नं पडतात, जिथे तो राक्षसी जीव सापडला त्या ग्रहावर परत जायला ती आधी साफ नकार देते. म्हणून शेवटी न्यूट या लहान मुलीसाठी ती एकटी खाली उतरते तेव्हा तिला ते किती जड जातंय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. जिला भीतीच नाही तिने उतरण्यात काय मोठंसं?

---

कातरवेळचा_भाऊ

मीच तो. ताईने सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले.

काही पटलं, काही नाही. 'फर्स्ट ब्लड' (१९८२) मीही बघितलाय. शेवटी रॅम्बो त्याच्या जुन्या वरिष्ठासमोर, कर्नल ट्राउटमनसमोर, कोसळतो, मेलेल्या मित्राबद्दल सांगताना लहान मुलासारखा रडतो. भारी सीन आहे. पण मी परत परत लावतो तो १९८५ चा दुसरा भाग. कारण सांगतो. दिवस वाईट गेलेला असतो, कुणीतरी अपमान केलेला असतो, आणि आपण काही करू शकलेलो नसतो. तेव्हा मला पडद्यावर माझ्यासारखा माणूस नको असतो. मला हवा असतो तो, ज्याला हे सगळं झेपतं. दोन तास मला तो उधार मिळतो. यात कमीपणा काय आहे?

---

कापाकापी

भाऊ, काहीच कमीपणा नाही, आणि तुझं कारण या धाग्यावरच्या कुठल्याही कारणाइतकंच खरं आहे. तू म्हणतोस ती गरज सिनेमाने पूर्वापार भागवली आहे, पुढेही भागवावी.

मी फक्त एक सिनेमा सुचवतो, तुझ्याच हिरोचा. 'प्रेडेटर' (१९८७). दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन, म्हणजे ज्याने वर्षभराने 'डाय हार्ड' केला तोच. सुरुवातीला सगळे सैनिक पिळदार दंडाचे, अफाट बंदुका घेतलेले, अगदी तुला आवडतात तसे. मग परग्रहावरून आलेल्या एका राक्षसाच्या हातून एकेक जण पडत जातो आणि कुणाचेही स्नायू कामी येत नाहीत. शेवटी अर्नॉल्ड धबधब्यावरून कोसळून काठावरच्या चिखलात सरपटतो. जवळ बंदूक नाही, पळायचं त्राण नाही. राक्षस अगदी जवळ येतो आणि त्याला न बघता निघून जातो, कारण तो उष्णतेवरून माणूस ओळखतो आणि अंगावर गार चिखल थापला गेलाय. अर्नॉल्डला हे कळतं ते निव्वळ योगायोगाने. त्या वेळचा त्याचा चेहरा नीट बघ.

---

कातरवेळचा_भाऊ

बघितलाय, पण लहानपणी, आणि लक्षात फक्त शेवटचा स्फोट राहिलाय. आज रात्री ताईबरोबर परत लावतो. चिखलातल्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो ते मोजून इथे लिहितो.