जळगाव-धुळ्याने पाण्या-गटारीसाठी रोखे काढावेत का?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. माझं मत असं की जळगाव, धुळे, भुसावळ यांनी एकत्र येऊन पाणी आणि भुयारी गटारीसाठी रोखे काढावेत, म्हणजे गुंतवणूकदारांकडून बाजारात व्याजाने पैसा उचलावा. अमृत 2.0 या शहरी पाणी-गटार योजनेत एक ते दहा लाख वस्तीच्या शहराला केंद्राकडून प्रकल्पाच्या एक तृतीयांश पैसा मिळतो. 2011 च्या जनगणनेत जळगाव 4 लाख 60 हजार, धुळे पावणेचार लाख, म्हणजे दोन्ही याच गटात. बाकीचा भार राज्यावर आणि पालिकेवर. पालिकेचा हिस्सा वेळेवर पडला नाही की बिल अडकतं, ठेकेदार माणसं काढून घेतो आणि खोदलेली गल्ली पावसाळाभर चिखलात राहते. तामिळनाडूत 2002-03 मध्ये डझनभर लहान शहरांनी मिळून सुमारे 30 कोटींचे रोखे काढले. त्यातल्या एकट्यादुकट्या गावाला बाजारात कोणी उभंही केलं नसतं.

सतरा मजलीसमोर (जळगाव)
भाऊ, कर्जाचं नाव जळगावात काढू नका. नगरपालिका असताना घरकुलांसह अनेक योजनांसाठी हुडकोचं, म्हणजे घरं आणि शहरी कामांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं, कर्ज घेतलं. हप्ते थकले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेलं, मनपाची बँक खाती गोठली. शेवटी राज्य सरकार मध्ये पडलं तेव्हा एकरकमी तडजोड झाली. कर्ज घेणारे वेगळे, सोसणारे वेगळे. पुण्याने 2017 मध्ये 7.59 टक्क्यांनी 200 कोटींचे रोखे काढले, तेही चोवीस तास पाण्यासाठी. पाठोपाठ कामाच्या निविदा रद्द झाल्या, व्याज मात्र सुरू. पुण्याची ही गत, तर आपली काय होईल?

तापीकाठ (भुसावळ)
हुडकोचा दाखला मान्य, पण तिथे परतफेडीला वेगळा पैसा बाजूला काढलेला नव्हता. तामिळनाडूत हप्ता चुकला तर राज्याकडून शहराला येणाऱ्या निधीतून तो आधी कापून घ्यायची सोय होती, शिवाय राखीव निधी होता.

निवृत्त वसुली लिपिक
दोघांनाही सांगतो, रोखे घेणारा आधी आपली वसुली बघेल. घरपट्टी थकली की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. पण थकबाकीदाराला ठाऊक असतं, मार्चच्या आसपास अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल. आम्ही नोटीस घेऊन गेलो की लोक तोंडावर म्हणत, "अभय लागू दे, मग भरतो." एप्रिलमध्येच रांगेत उभं राहून पूर्ण पट्टी भरणाऱ्या म्हाताऱ्याला काय मिळतं? मला याची फार चीड येते. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी हा स्थानिक कर गेला, 2017 पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. हक्काचं म्हणावं असं घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढंच उरलंय, आणि तेच आपण हातचं सोडतो. आधी अभय बंद करा, रोख्यांचं नंतर बघू.

पांझराकाठ (धुळे)
लिपिक अप्पांशी मी सहमत आहे, पण अभय बंद करायची हिंमत निवडणुकीच्या तोंडावर कोण करणार? आणि मला खरी काळजी पुढची आहे. अनुदान असो की रोखे, पैसा येतो बांधकामाला. अक्कलपाडा धरणाहून पाणी शहरात आणल्यावर पंपाचं वीजबिल, गळती, माणसांचे पगार दर महिन्याला लागतात. त्याला ना केंद्र पैसे देतं ना रोखे. पाणीपट्टी ठोक आहे, मीटर नाही. जो टाकी भरून अंगण धुतो तो आणि जो दोन हंडे भरतो तो, दोघांना सारखीच पट्टी.

सतरा मजलीसमोर (जळगाव)
मीटर बसवले तर झोपडपट्टीतल्या बाईने काय करायचं? श्रीमंत वस्तीत बोअर आहेत, त्यांना फरक पडत नाही. पाणी हा सरकारचा धर्म आहे. पैसा राज्याने द्यावा, 74 वी घटनादुरुस्ती कामं पालिकेकडे सोपवून गेली, पण त्यासोबत पैसा आला नाही.

पांझराकाठ (धुळे)
ताई, पहिले काही हजार लिटर अगदी नाममात्र दरात द्या, त्यापुढे दर चढता ठेवा. गरिबाचं बिल आजच्यापेक्षा कमी येईल. राज्याने द्यावं हे खरंच, पण राज्याची वाट बघताना धुळ्यात आठ-आठ दिवस नळ कोरडा राहतो. त्या बाईला टँकरच्या मागे धावावं लागतं, तेही फुकट नसतं.

तापीकाठ (भुसावळ)
मग क्रम असा धरूया: अभय बंद, वस्तीनिहाय थकबाकी जाहीर, बड्या थकबाकीदारांपासून वसुली. दोन वर्षं हे जमलं तर पतमानांकन (कर्ज फेडायच्या ऐपतीचा दाखला) घ्यायचं आणि फक्त पाण्यासाठी रोखे. रस्त्यांना नाही.

सतरा मजलीसमोर (जळगाव)
थकबाकीची यादी खरंच जाहीर झाली तर मी पुन्हा विचार करीन. पण परतफेडीचं खातं वेगळं हवं आणि त्याचा हिशोब दर महिन्याला लोकांसमोर. तोपर्यंत माझा विरोध कायम.