जुनी डायना 35 बाद करू नका
भाऊ, रेतीच्या पोत्यावर टेकवून मारले तर छर्रे फाकतात, म्हणून तुम्ही डायना 35 ही नळी वाकवून भरायची स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक नेमबाजीतून बादच केली. ते पटलं नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या धक्क्यानं बंदूक हलते, आणि टणक टेकूवर ती उसळते. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता ठेवा, आवळू नका. हात दर वेळी त्याच जागी. आमच्या दारव्ह्याकडे जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये, मागे मातीची पोती रचून, 10 मीटरवर आम्ही अशीच पारखतो. आधी नळी बंद करून आडवी हलवून बघा. बिजागरात जराही खेळ असेल तर बोल्ट कसल्याशिवाय नेमाचं बोलूच नये. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, चपट्या तोंडाचा घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. पिस्टनच्या सिलिंडरमध्ये साधं तेल मात्र सोडू नका. दाबानं ते पेटतं अन् सील जातं.