मदत हवी आहे: तुणाची गिटार बॉडी, शिंगाजवळ लाकूड फाटतंय आणि नेक पॉकेट सैल झालाय

सहा_तारा:
स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटार) आकाराची बॉडी करतोय. लाकूड तूण, दोन फळ्या मधोमध जोडलेल्या, जाडी ४५ मिमी. नेक तयार घेतलेला, मेपलचा, स्क्रूने बसणारा, स्केल (नट ते ब्रिज, तारेची लांबी) ६४८ मिमी. ब्रिज हार्डटेल (न हलणारा). साचा ९ मिमी एमडीएफचा, राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कापणारं यंत्र) हातात धरून, वर साच्याला टेकून फिरणारं बेअरिंग असलेला बिट (पातं).

अडचणी तीन.
१) खालच्या शिंगाच्या (नेकशेजारी पुढे आलेलं बॉडीचं टोक) टोकाजवळ लाकडाचा बोटभर तुकडा उडाला.
२) नेक पॉकेट (नेक बसतो तो खड्डा) १.२ मिमी रुंद झालाय आणि १६ ऐवजी १७.५ मिमी खोल गेलाय.
३) बॉडीच्या मागचा, पोटाला टेकणारा उतार अजून काढलेला नाही. किती खोल काढू?

कानस_ऐंशी:
आधी उडालेला तुकडा शोधा. सापडला तर घट्ट सुपरग्लूने जागच्या जागी चिकटवा, रेषा जुळल्या की सांधा दिसतही नाही. पुट्टी मात्र पॉलिशखाली डागासारखी दिसते.

आता फाटतं का ते. बाहेरच्या कडेने राउटर घड्याळाच्या उलट फिरवायचा हे बरोबरच आहे, पण लाकडाच्या रेषा लांबीत धावतात आणि आकार वळतो. फुगवट्यावरून मधल्या रेषेकडे उतरताना बिट तंतू दाबत जातो, काप स्वच्छ येतो. शिंगाच्या टोकावरून किंवा कमरेच्या खोलगटातून बाहेर चढताना तोच बिट तंतूंच्या खाली शिरून त्यांना उचकटतो. रंधा रेषेविरुद्ध मारल्यावर होतं तेच. म्हणजे निम्मी कड कायम धोक्याची.

उपाय असा. चढाच्या जागांवर पेन्सिलने खुणा करा. जिगसॉने साच्याच्या कडेबाहेर २ मिमी ठेवून कापा, खुणेच्या जागी कानशीने १ मिमीवर आणा. उताराचे भाग नेहमीसारखे करा, एका फेरीत ५-६ मिमी. मग साचा न काढता बॉडी उलटी करा आणि टोकाला बेअरिंग असलेला, ५० मिमी धारेचा बिट लावा. बॉडी उलटली की राउटरची दिशा लाकडाच्या दृष्टीने उलटते, मघाचे चढ आता उतार होतात. बिट १२ मिमी दांड्याचा हवा, ६ मिमीचा दांडा एवढ्या लांबीला थरथरतो. उलट्या दिशेने राउटर ओढायचा मोह टाळा, हातातून सुटतो.

मिमी_मोजा:
लाकूड वाळलंय का? वखारीतली फळी बाहेरून कोरडी लागते आणि आतून ओली असते. दर आठवड्याला वजन करा. तीन आठवडे वजन हललं नाही तरच पुढे जा. नाहीतर मधला जोड उघडतो आणि पॉकेटचं मापही बदलतं.

पॉकेटबद्दल: रुंदीपेक्षा खोलीची चूक मोठी. नेकची टाच (पॉकेटात बसणारं टोक) २५.४ मिमी जाड असेल तर फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर साधारण ९.५ मिमी यायला हवा. तुमचा ८ वर आलाय. तारा खाली आणायला सॅडल (ब्रिजवरचे तारा टेकवणारे तुकडे) पार तळाला जातील आणि तरी अॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) जास्तच राहील. पॉकेटच्या पूर्ण आकाराची, सपाट, १.५ मिमी मेपलची चकती तळाला चिकटवा. कागदाचा तुकडा एका टोकाला खुपसू नका, मधे पोकळी राहते.

रुंदीसाठी घाई नको. नेक ठेवून नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या जागेपर्यंत दोरे ताणा. दोन्ही कडांना सारखी जागा उरत असेल तर ०.६ मिमी व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) दोन्ही भिंतींना, एकीकडे झुकत असेल तर सगळं त्या एकाच बाजूला. भुसा आणि फेविकॉल भरू नका, कोरडा झाला की तो चुरतो.

आणि ब्रिजची भोकं नेक पक्का झाल्याशिवाय पाडू नका. नट ते पातळ ई तारेचं सॅडल ६४८ मिमी, जाड ईचं ३-४ मिमी मागे.

कानस_ऐंशी:
+१. स्क्रूसाठी बॉडीत ४.५-५ मिमीचं आरपार भोक हवं, नेकमध्ये मात्र ३.२ मिमीचं. बॉडीतही स्क्रूची पकड बसली तर नेक तळाला ओढला जात नाही, फट राहते.

सहा_तारा:
तुकडा सापडला, चिकटवला. दोरे लावून पाहिलं, नेक जाड तारेकडे कललाय, म्हणजे व्हिनिअर त्याच भिंतीला. आता पोटाचा उतार?

मिमी_मोजा:
कडेला १५-१८ मिमी पुरे, आतल्या बाजूला शून्यावर संपवा. हातासाठीचा पुढचा उतार कडेला १२ मिमी. आधी पिकगार्ड (बॉडीवर बसणारा प्लास्टिकचा पत्रा) ठेवून त्याची रेघ मारा, उतार रेघेच्या आत आला तर प्लास्टिक वर उचललं जातं. ग्राइंडरची फ्लॅप डिस्क तुणासारख्या मऊ लाकडात क्षणात खड्डा पाडते. अर्धगोल कानस घ्या, तिरकी चालवा, मग सँडपेपर ८०, १२०, १८०, २४०. तोंडाला मास्क असू द्या, या लाकडाची धूळ नाकाला झोंबते. (मिरजेच्या तंबोरे-सतारींतही हे लाकूड वापरतात, तेव्हा वाद्याला ते नवं नाही.)

कडेची गोलाई १२.७ मिमी त्रिज्येची. पॉकेटच्या तोंडाशी ती अजिबात मारू नका, नाहीतर नेकच्या शेजारी उघडी फट दिसेल.

कानस_ऐंशी:
एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पावसाळ्यात मारणार असाल तर थांबा. दमट हवेत ते पांढरट धुरकट होतं. सँडिंग सीलर लावून ठेवा, लॅकर कोरड्या आठवड्यात.

सहा_तारा:
चकती आज रात्री क्लॅम्पमध्ये. उद्या दोरे पुन्हा ताणून, मग भोकं.