मदत हवी आहे: संगीत तंत्रज्ञानात थेट मास्टर्स की आधी प्रोजेक्टवर काम?

बीई इलेक्ट्रॉनिक्स, तीन वर्षं नोकरी, गाण्यात विशारद. रागसंगीताच्या संगणकीय विश्लेषणात पीएचडी करायची आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंगचा मास्टर्स मनात आहे. रागसंगीतासारख्या परंपरांचं संगणकीय विश्लेषण करणारा कॉम्पम्युझिक प्रकल्प तिथेच झाला.

पायथन येतं. लिब्रोसा (आवाजाच्या विश्लेषणाची पायथन लायब्ररी) वापरून स्वतःच्या भूपाच्या आलापाचा स्वरालेख (स्वर वर-खाली कसा जातो त्याचा आलेख) काढलाय. मींड झकास दिसते, पण तानपुरा जोरात असला की आलेख मध्येच सप्तकभर खाली उडी मारतो. पेपर एकही नाही. दोन प्राध्यापकांना मेल केले, उत्तर नाही (मेल जरा लांबलचकच होते म्हणा). कर्ज १० लाखांच्या वर नको.

परदेशातल्या एका वर्षाच्या मास्टर्सवर पीएचडीला घेतात का, की आधी आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी वर्षभर प्रोजेक्टवर राहून एखादा पेपर हाताशी असलेला बरा?