मदत हवी आहे: सरांच्या जुन्या कॅसेट आणि तडकलेली बासरी

नमस्कार मंडळी, आमचे बासरीचे सर मागच्या महिन्यात गेले. नऊ वर्षं शिकलो त्यांच्याकडे, त्यातले पहिले सहा महिने नुसता सा, आणि आतल्या खोलीतून ते ओरडायचे, "हवा ऐकू येतेय, सूर कुठाय?" जुने थोर बासरीवादक पन्नालाल घोष यांच्या वळणाचं वाजवायचे, लांब बासरी, तीव्र मध्यमासाठी (म्हणजे चढ्या म साठी) सातवं भोक, माझी करंगळी तिथे पोचायलाच वर्ष गेलं 😄

परवा काकूंनी (सरांच्या बायकोने) बिस्किटांचा डबा हातात दिला. आत 22 कॅसेट, सगळ्या शिकवणीच्या, बहुतेक 90 मिनिटांच्या म्हणजे टेप पातळ, आणि चार-पाचांवर पांढरी बुरशी. एक लावून बघितली तर डेकने टेपच गिळली, पेन्सिलने कशीबशी गुंडाळून सोडवली, तेव्हापासून हात लावायची हिंमत होत नाहीये. एका दुकानदाराने तर न बघताच फेकून द्या म्हणून सांगितलं!

बुरशी घरी काढता येते का, की जाणकाराकडेच द्यावं? पुण्यात असं डिजिटल करून देणारं कोणी विश्वासू माहितीये का?

आणि त्यांच्या बासरीला फुंकायच्या भोकापासून उभी चीर गेलीय. मोहरीचं तेल लावून ठेवलंय, पण नुसता दोरा घट्ट गुंडाळून भागेल की आधी चीर भरावी लागेल? वाजवणाऱ्यांनी प्लीज सांगा.

काकूंना त्या कॅसेटमधला सरांचा मारवा राग ऐकायचाय. मधेच त्यांनी चहा आणून ठेवला त्या कपबशीचा आवाजपण आलाय म्हणे त्यात.